प्रमुख पाहुणा धावला

पलटणीत मी एकोणीस वर्षं काढली, ती बहुतेक बसून. हे आधीच सांगतो. फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाठीवर पिठ्ठू घेऊन डोंगर चढणारा माणूस येतो. मी एमटी प्लाटूनचा ड्रायव्हर होतो. थ्री-टन गाडी चालवायची, धुवायची, ग्रीस भरायचं, लॉगबुक लिहायचं. सकाळच्या पीटीला बाकीचे धावत, तेव्हा आम्ही ड्रायव्हर लोक इंजिन गरम करत असू. थंडीत तर ते फार मन लावून करत असू.

हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव कडाव, तालुका कर्जत. घरी भातशेती आणि दोन म्हशी होत्या, त्या धाकट्या भावाकडे ठेवल्या आणि मी रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात सिक्युरिटी हवालदार म्हणून लागलो. वसाहतीत खोली मिळाली. ड्यूटी गेटवर, खुर्चीवर. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझा पट्टा शेवटच्या भोकावर होता आणि त्यापुढचं एक भोक मी स्वतः खिळ्याने पाडलं होतं.

आमच्या पलटणीतला लान्स नाईक बाळाराम ठोंबरे लोधिवलीकडचा. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम सीमेवर पडला. तो बी कंपनीचा रनर होता. वायरलेस सेट किंवा टेलिफोनची लाइन बंद पडली की निरोप घेऊन धावतो, तो रनर. ब्रिगेडच्या क्रॉस-कंट्रीत तो दोनदा पहिला आला होता. लढाईनंतर काही वर्षांनी गावच्या पोरांनी त्याच्या नावाने दर डिसेंबरला शर्यत सुरू केली. शाळेच्या मैदानातून निघून हायवेच्या कडेने चौकच्या नाक्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. साधारण पाच किलोमीटर.

जवळपास राहणारा त्याच्या पलटणीतला मी एकटाच. म्हणून दरवर्षी प्रमुख पाहुणा मीच. झेंडा दाखवायचा, भाषण करायचं, बक्षिसं द्यायची आणि बाळारामच्या घरी जेवून परतीची एसटी पकडायची. भाषण ठरलेलं. वीरगती, मातृभूमी, तरुणांनी आदर्श घ्यावा. सात मिनिटं.

बाळारामची आई, यमुनाबाई, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायच्या. सत्तरीच्या पुढच्या, पण नजर एकदम तेज. एका वर्षी जेवताना मी तिसरी भाकरी घेतली आणि त्या म्हणाल्या, "म्हादू, एक इचारू?"

"विचारा आई."

"दरवर्षी येतोस. बोलतोस. जेवतोस. धावत मातर नायस."

पंगतीत सरपंच होते. ते ताटात बघत राहिले.

"आई, माझं वय झालं आता."

"त्याच्या पलटनीचा तू. पोरं मला इचारतात, आजी, फौजी पावना का नाय धावत. मी काय सांगू?"

"पुढच्या वर्षी धावतो," मी म्हणालो. त्या वेळी ताटावरून सुटका करून घेण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता वाटला.

त्यानंतर दहा महिने मी या विषयावर विचार केला. दसरा झाला तेव्हा लक्षात आलं की विचाराने पोट कमी होत नाही.

पहिला दिवस. उठलो ०४४५ वाजता. पलटणीतले कॅनव्हासचे पीटी शूज ट्रंकेतून काढले. पाय आत जाईना. बायको, इंदू, चुलीपाशी बसून बघत होती.

"शूज आटले," मी म्हणालो.

"कापूस हाय का लोकर? आटायला," ती म्हणाली.

शेवटी ड्यूटीचे बूट घातले. स्वेटर सापडला नाही म्हणून वर युनिफॉर्मचा खाकी शर्ट चढवला. ०५१५ वाजता खोलीतून निघालो. बेत असा, की वसाहतीच्या रस्त्याने धावत जायचं आणि विजेच्या खांबांवरून अंतर मोजायचं. पहिल्या दिवशी दहा खांब.

तिसऱ्या खांबापाशी छातीत भाता सुरू झाला. चौथ्या खांबापाशी एका खिडकीत दिवा लागला. मग शेजारच्या. कोणीतरी ओरडलं, "हवालदार पळतोय रं! प्लांटात कायतरी झालंय!"

आता केमिकल कारखान्याची वसाहत. कारखान्याचा सिक्युरिटीवाला युनिफॉर्ममध्ये, अंधारात, गेटाच्या उलट्या दिशेने धावतोय, तोंड उघडं, आवाज निघत नाही. लोकांनी दुसरं काय समजायचं? पाच मिनिटांत ओले टॉवेल नाकाला लावून दोन चाळी रस्त्यावर आल्या. एक फिटर बायको, सासू आणि शिलाई मशीन घेऊन बाहेर पडला. मी थांबून सांगायचा प्रयत्न केला, पण दम लागल्याने "काही... काही..." एवढंच निघत होतं. त्याचा अर्थ त्यांनी आपापल्या परीने लावला.

१००० वाजता मॅनेजरसाहेबांपुढे पेशी.

"भोईर, तुम्ही का पळत होता?"

"व्यायाम, सर."

"कधीपासून?"

"आजपासून, सर."

दुपारी नोटीस बोर्डावर सर्क्युलर लागलं. सुरक्षा कर्मचाऱ्यांनी वसाहतीत विनाकारण धावू नये. टाइप करणाऱ्या क्लार्कने 'विनाकारण' या शब्दाखाली रेघ मारली होती. फिटरच्या सासूने पुढे महिनाभर मला ओळख दाखवली नाही.

मग मी पाताळगंगेच्या काठची वाट धरली. इंदू रोज सकाळी त्याच वाटेने दुधाला जायची, हातात कॅन घेऊन. ती म्हणाली, "माझ्या आधी डेरीवर पोचलात तर सांगा, धावलात म्हनून."

यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. ती चालणार, मी धावणार. पहिल्या दिवशी मी तिच्या पुढे निघालो आणि वडाच्या झाडापाशी तिने मला गाठलं. शेजारून चालत तिने संध्याकाळी भाजी काय करायची ते विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. मग ती पुढे गेली. आठ दिवस असंच चाललं. नवव्या दिवशी आम्ही बरोबर पोचलो. तेराव्या दिवशी मी दोन मिनिटं आधी पोचलो आणि डेअरीच्या ओट्यावर बसून राहिलो. इंदू आली, कॅन पुढे केला आणि म्हणाली, "आलातच हाय तर दूद घिऊन ठेवायचं ना." त्या दिवसापासून दुधाची ड्यूटी माझी झाली.

डिसेंबरपर्यंत मी न थांबता चार किलोमीटर जाऊ लागलो. वेगाबद्दल काही बोलत नाही. पट्टा दोन भोकं आत आला.

शर्यतीच्या दिवशी ०७३० वाजता मैदानात हजर झालो. इंदू बरोबर होती. स्पर्धक चाळीसेक, सगळे विशीतले, अर्धे अनवाणी. यमुनाबाई खुर्चीवर. मी हाफ पॅन्टमध्ये त्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाय बरं हायत. उन्हात काढत जा."

इथे कार्यक्रमाच्या आखणीतली चूक लक्षात आली. सरपंच जवळ येऊन हळूच म्हणाले, "हवालदारसाहेब, झेंडा कोण दाखवणार?"

"प्रमुख पाहुणा."

"म्हंजे तुमी. मग धावनार कोन?"

"मीच."

सरपंचांनी थोडा विचार केला. "मग आसं करा. दाखवा आनि धावा."

झेंडा दरवर्षीप्रमाणे रस्ता दुरुस्त करणाऱ्या सरकारी गँगकडून आणलेला, गाड्या थांबवायचा, लाल. भाषण रद्द झालं, कोणी हरकत घेतली नाही. बरोबर ०८०० वाजता मी झेंडा खाली आणला आणि पळालो. पन्नास पावलांवर कळलं की झेंडा हातातच राहिलाय. फेकायचा तर सरकारी माल, गँगच्या मुकादमाला परत करायचा. मागे जायचं तर पोरं पुढे निघून चालली होती. झेंडा घेऊनच हायवेवर चढलो.

मुंबई-पुणे हायवे, सकाळची वेळ, ट्रकांची रांग. पोरं एव्हाना वळणाआड गेली होती. रस्त्याच्या कडेला मी एकटा, हातात लाल झेंडा, धावताना हात वरखाली होतोय. समोरून पहिला ट्रक आला आणि करकचून ब्रेक लावून थांबला. त्यामागे दुसरा. मग टेंपो, मग एसटी, मग दिसेल तिथपर्यंत गाड्या.

पहिल्या ट्रकचा सरदारजी खिडकीतून अर्धा बाहेर आला. "आगे क्या हुआ?"

"कुछ नहीं. रेस है."

त्याने माझ्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं. "बाकी लोग कहाँ हैं?"

"आगे गए."

एसटीतले लोक हसले. सरदारजी हसला नाही. त्याने दार उघडलं आणि अगदी मनापासून म्हणाला, "बैठो, छोड़ देता हूँ."

मी नको म्हणून हात हलवला आणि पुढे निघालो. पण वीसेक पावलांवर माझे पाय थांबले. दमामुळे नाही. ट्रकच्या काचेमागून, समोरून हात हलवत धावत येणारा माणूस दिसतो, तो कसा दिसतो, हे मला माहीत होतं. मी तो पाहिला होता.

एकाहत्तर, डिसेंबर. वेळ १४१५. उसाच्या शेतामागे आमच्या तीन गाड्या उभ्या होत्या, आत ॲम्युनिशन. गाड्यांवर आम्ही सहा जण. पहिल्या गाडीवर मी. सेटवर कंपनी कमांडरांचा हुकूम आला होता.

"गाड्या १४३० वाजता बंधाऱ्यापर्यंत आणा. ओव्हर."

"१४३० वाजता बंधारा. रॉजर. आउट."

त्यानंतर सेट बंद पडला. १४२८ला मी इंजिन चालू केलं. गियर टाकला, तेवढ्यात समोरच्या नांगरटीतून बाळाराम येताना दिसला. दोन्ही हात वर, हलवत. मी ब्रेक दाबला.

बॉनेटवर हात टेकून तो म्हणाला, "साहेबांचा हुकूम. गाड्या आणायच्या न्हाईत. बंधाऱ्यावर दुश्मनाच्या तोफा लागल्यात."

त्याचं बोलणं संपायच्या आत बंधाऱ्याच्या बाजूने धूर उठला. आम्ही तिथे असायची वेळ ती होती. त्याने माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं. मी म्हणालो, "बस थोडा." तो म्हणाला, "सेट बंद हाय. निरोप पोचला, हे साहेबांना कळाया नको?" आणि आला तसा परत धावत गेला. त्या परतीच्या वाटेवर पडला.

हे मी त्याच्या आईला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या सात मिनिटांच्या भाषणात हे नसायचं.

मागे हॉर्न वाजू लागले. मी झेंडा गुंडाळून काखेत घेतला, गाड्यांना जायची खूण केली आणि धावू लागलो. चौकच्या नाक्यावर वळण घेतलं तेव्हा तिथला स्वयंसेवक टेबल उचलून निघाला होता. परतीला मी दोनदा चाललो. ते लपवत नाही.

मैदानात पोचलो ०८५२ वाजता. सगळं गाव थांबलेलं. पहिला आलेला पोरगा घरी जाऊन, आंघोळ करून, भांग पाडून आला होता. बक्षीस समारंभ सुरू होत नव्हता, कारण प्रमुख पाहुणे अजून आले नव्हते. मी शेवटची रेघ ओलांडली तेव्हा सरपंचांनी माईकवर जाहीर केलं, "पाहुन्यांचं आगमन झालेलं हाय." टाळ्या पडल्या. मुकादमाने आधी आपला झेंडा ताब्यात घेतला.

यमुनाबाईंनी मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, ताक दिलं. ते संपेपर्यंत माझा श्वास जागेवर आला.

"आई," मी म्हणालो, "त्या दिवशी बाळाराम निरोप घेऊन आला, तो माझ्याकडे. गाडी माझी होती. तो आला नसता तर आम्ही सहाही जण गेलो असतो."

"निरोप पोचला व्हता?"

"पोचला. वेळेत."

"मला वाटायचं, वाटंतच गेला." मग म्हणाल्या, "आनि इतकी वरसं बोलला का नायस?"

"तुम्ही विचाराल, त्याला परत का जाऊ दिलं म्हणून."

"तू आडवला आसता तर ऱ्हायला आसता?"

"नाही."

"मंग." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "किती लांब आला व्हता रं तो?"

ते मला ठाऊक होतं. लढाई थांबल्यावर मी गाडी त्या वाटेने नेली होती आणि मीटर वाचला होता. "सव्वा मैल."

"आनि परत जाताना?"

"मैलाला थोडं कमी."

त्यांनी मान हलवली. सरपंच माईक घेऊन आले, दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. वीरगती, मातृभूमी काही म्हणालो नाही. लान्स नाईक बाळाराम ठोंबरे, बी कंपनी, रनर. सव्वा मैल धावत आला, निरोप दिला, पाणी प्यायला आणि परत गेला. मग त्याने वाचवलेल्या आम्हा सहा जणांची नावं घेतली. त्यांतले दोघं आता नाहीत, ते म्हातारपणाने आणि आजाराने, आपापल्या घरी गेले, हेही सांगितलं.

यमुनाबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "सावकाश सांग. मागच्यांना ऐकू जात नाय."

मी पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा सांगितलं.