ओमदुरमानहून परतलेला परीट

कुणीही भेटलं की ते आधी त्याची कॉलर उलटी करायचे. रामराम, ख्यालीखुशाली सगळं नंतर. मानेमागे गार बोटं लागली की समजायचं, परीटमामा आले. आत डोकावून "हां, आपलाच हाय," म्हणायचे आणि मगच चहाचं विचारायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला माणसाआधी त्याचं कापड दिसतं.

नांदेडात आमच्या घरासमोर त्यांची इस्त्रीची टपरी होती. मूळचे देगलूरकडचे, त्यामुळे बोलण्यात तेलुगू आणि दखनी सढळ हातानं. गिऱ्हाइकाचं नाव ते कधी लिहून ठेवत नसत. बिब्ब्याच्या तेलात सुई बुडवून कॉलरच्या आत खूण करायचे. कुणाला फुली, कुणाला दोन रेघा. ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. "तीस वर्षांत आपल्या हातून एक कापड बदललं न्हाई," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागे.

एकदा मी भांडायला गेले. "मामा, हा सदरा यांचा नाही. तुम्ही बदललात."

त्यांनी शांतपणे कॉलर उलटली. "बाई, तुम्ही दिला तोच दिलाय. ही लातूरच्या परटाची निशाणी हाय. लातूरला लग्नाला गेलता का कुणाच्या?"

गेलो होतो. यांचा सदरा तिकडे दिरांच्या अंगावर फिरत होता आणि महिनाभर दोघा भावांना पत्ता नव्हता! मी तोंडात मारल्यासारखी घरी आले.

मधली काही वर्षं मामा इथं नव्हते. हैदराबादच्या एका ओळखीच्यानं त्यांना सुदानला नेलं, हॉटेलातले कपडे धुवायला. तिथून ते ओमदुरमानच्या एका फुटबॉल क्लबात लागले. क्लब राष्ट्रीय लीगमध्ये होता, पण नंबर शेवटून मोजलेला बरा. मी शाळेत भूगोल शिकवते. सुदान म्हणजे नाईल, कापूस आणि डिंक, एवढंच मला येत होतं आणि तेवढंच मी वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं. तिथं लीग असते, तिचे गुण असतात, हरलेल्या संघाचा परीटही रात्री जेवत नाही, हे मला मामांनी शिकवलं.

जाताना पिशवीभर बिब्बे नेले होते. "इमानतळावर अडिवलं. म्हणले, हे काय खाता? म्हणलं, खाऊन बघा," असं सांगून स्वतःच खो खो हसायचे.

क्लबात एक राखीव गोलकीपर होता, एकोणीस वर्षांचा. त्याला सामन्यात कुणी उतरवत नसे, म्हणून त्याचे कपडे सगळ्यांत स्वच्छ. तरी तो रोज धुवायला आणायचा आणि कपडे वाळेपर्यंत मामांपाशी बसायचा. त्यांना 'अम्मो' म्हणायचा, म्हणजे काका. मामांनी त्याला 'लई भारी' शिकवलं होतं. सरावाचे शर्ट सगळ्यांचे एकसारखे, राखाडी, नंबर नसलेले. त्याच्या शर्टाला मामांनी तीन ठिपके आणि खाली रेघ दिली होती. मामांना मूलबाळ नव्हतं. हे मी त्यांच्या माघारी सांगणं बरं नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मग मुख्य गोलकीपरच्या खांद्याला लागलं आणि पुढच्या सामन्यात या पोराला उतरवायचं ठरलं. आयुष्यातला पहिला लीग सामना. मामांनी त्याची जर्सी दोनदा धुतली, तीनदा इस्त्री केली. रमजान संपत आला होता. सामना दोन दिवसांवर असताना सकाळी गोळीबार सुरू झाला. एकाच देशातल्या दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. लीग तिथल्या तिथं थांबली. मामांना बसनं बंदरापर्यंत, तिथून जहाजानं आणि मग विमानानं आणलं. ते एका पिशवीनिशी टपरीवर परत उभे राहिले.

"लीग मोडली न्हाई, बाई. थांबली हाय," हे त्यांचं नवीन वाक्य. रोज विचारायचे, "पेपरात काय हाय का?" आमच्या पेपरात उमरीच्या कांद्याच्या भावाला तीन कॉलम असत, त्या युद्धाला एक ओळ नसे. मी मोबाइलवर शोधून वाचून दाखवायचे. मोठे क्लब दुसऱ्या देशाच्या लीगमध्ये जाऊन खेळायला लागले. मामांचा क्लब कुठला जातोय! खेळाडू वाट फुटेल तिकडे पांगले.

पोर मात्र ओमदुरमानलाच राहिलं. आईला त्यानं इजिप्तला पाठवलं आणि गल्लीत उपाश्यांसाठी सगळ्यांचा मिळून स्वयंपाक चालायचा तिथं पाणी वाहायला लागलं. कधी नेटवर्क आलं की मामांच्या फोनवर त्यानं भरून पाठवलेला आवाज यायचा, "अम्मो, लई भारी." मामा तेवढं चारचारदा ऐकायचे आणि मलाही ऐकवायचे. मग आवाज यायचे थांबले. सहा महिने काहीच नाही.

एका दुपारी मामा फोन घेऊन माझ्याकडे आले. क्लबच्या मॅनेजरनं इंग्रजीत लिहिलं होतं, ते त्यांना वाचता येईना. सोबत एक फोटो. एका मैदानात लोकांनी घाईत पुरलेली माणसं आता उकरून काढत होते, ओळख पटवून नीट दफन करायला. त्यात एक राखाडी शर्ट होता. मॅनेजरनं विचारलं होतं: ही खूण तुमची आहे. हा शर्ट त्याचाच का? त्याची आई विचारतेय.

मी वाचून दाखवलं. मामांनी फोटो मोठा करायला सांगितला. कॉलरच्या आत तीन ठिपके होते आणि खाली रेघ. मातीनंसुद्धा पुसली गेली नव्हती.

मामांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहा बाई. निशाणी माझीच हाय. पण लीग थांबली त्या हप्त्यात माझ्या हातून कपडे बदलले होते. ह्याचा त्याला, त्याचा ह्याला गेला. शर्ट कुणाचा बी असंल."

मी लिहिता लिहिता थांबले. मास्तरकीची खोड, खोटं सहन होत नाही. "मामा, खरंच बदलले होते?"

"तीस वर्षांत न्हाई बदलले, बाई."

"मग असं का..."

"तिला वाट बघू द्या. त्याच्याबिगर तिच्यापाशी ऱ्हायलंय काय?"

मी लिहिलं. आयुष्यात इतकं अवघड इंग्रजी मी कधी लिहिलं नाही. दोन दिवसांनी मॅनेजरचं उत्तर आलं: समजलो. आईला असंच सांगतो. तोही समजला होता.

त्या दिवसापासून मामा बदलले. कपडे परत देताना विचारायला लागले, "बघून घ्या, तुमचाच हाय न्हवं?" लोकांना गंमत वाटायची. मला रडू यायचं. एकदा म्हणाले, "तोंडानं एकदा चूक कबूल केली की हाताला बी खरंच वाटाया लागतं." पोराच्या आईनं मॅनेजरकडून त्यांचा नंबर मिळवला होता. दर शुक्रवारी तिचा आवाज यायचा. दर वेळी एकच प्रश्न: कपडे बदलले होते ना? नक्की ना? मामा तिच्या भाषेत "हो" म्हणायचे.

लीग पुन्हा सुरू झाल्याची बातमी मीच दिली. दुसऱ्याच गावात, थोडक्यात उरकलेली, आणि मामांचा क्लब तिच्यात नव्हता. वाटलं होतं, तेवढ्यानं तरी खूश होतील. त्यांनी इस्त्री उभी केली आणि विचारलं, "गोलकीपर कोण हायत?"

माघात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि घोटभर पाणीही पोटात गेलं नाही. दहाव्यानंतरच्या शुक्रवारी मी त्यांच्या बायकोला भेटायला गेले. टेकले, तेवढ्यात कोनाड्यातला मामांचा फोन वाजला. तिनं बटण दाबलं. बाईचा आवाज, मोठा नाही, विनवल्यासारखा. मला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं.

"हिला सांगितलं का, मामा गेले म्हणून?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "कोण सांगणार? मला त्यांची बोली येत न्हाई. ह्यांनी आधीच बजावून ठिवलंय, तिचा आवाज आला तर 'न्हाई' म्हणू नको."

तिनं पदरानं तोंड पुसलं, फोन ओठांपाशी धरला आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "हाव माय. हाव. यील लेकरू."