ओठांतले खिळे

विचुंब्याच्या आमच्या नव्या घरात कपाटं बसवायला एक सुतार पाच दिवस येत होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साठीकडे झुकलेले. चार खिळे ओठांत धरायचे आणि त्याच मिटल्या ओठांनी गुणगुणायचे. जिन्यात पावलं वाजली की थांबायचे. पावलं वर गेली की तिथूनच पुढे सुरू.

तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, "काका, कुठलं गाणं हे?"

त्यांनी आधी उघड्या दाराकडे पाहिलं, मग खिळे तळहातावर घेतले. "चर्चमधलं हाय, ताई. वीस वर्षं सौदीला होतो. तिथं चर्च नाय, बंदीच हाय. शुक्रवारी आमी आठ-दहा जण खोलीत जमायचो, खिडकीला ब्लँकेट लावून असंच गायचो. खालच्या खोलीतल्या पठाणाला सगळं ठाऊक होतं, पण त्यानं कधी कुणाला सांगितलं नाय."

"मग आता इथे मोठ्याने गा की."

"चर्चमधेबी आवाज फुटत नाय. मोठ्यानं गा म्हणून बायको कोपर मारते. आता मोकळीक हाय, हे मला कळतं. गळ्याला कळत नाय."

ते पुन्हा गुणगुणू लागले. तेवढ्यात जिन्यात शेजाऱ्यांच्या चपला वाजल्या. ते थांबायच्या आत मीच उठले आणि दार लावून घेतलं. त्यांच्यासाठी लावलं की शेजाऱ्यांसाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, खिळे परत ओठांत धरले. उरलेले दोन दिवस घरात फक्त हातोडी वाजत होती.