मेहबूब नालबंदाने न मारलेलं प्यादं

लोणावळ्याच्या आमच्या छोट्या वाचनालयात भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. काचेमागे मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. त्यात बुद्धिबळाचा एक डाव, १९१८ सालचा, आमच्याच गावात खेळलेला. पांढऱ्या मोहऱ्या हॉकिन्ससाहेबाच्या, काळ्या 'एका नेटिव्ह नालबंदाच्या'. खाली संपादकाची एक ओळ: बचाव विचित्र आणि बालिश, त्याला योग्य ती शिक्षा मिळाली. मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वीस वर्षं रोज सकाळी मी ती काच पुसत आलो, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ती ओळ वाचून मीही हसलो होतो.

तो नालबंद म्हणजे मेहबूब. स्टेशनाबाहेर टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचा. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलणं मोजकं. साहेबाच्या घोडीचे नाल बदलायला बंगल्यावर गेला आणि व्हरांड्यात मांडलेला पट बघत उभा राहिला. साहेबाने विचारलं, खेळतोस का? हा हात धुऊन बसला. जिंकलेला डाव साहेबाने मुंबईला छापायला धाडला, आणि एवढ्यावर त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं. नाव तरी कुठलं, नुसता धंदा आला.

बुद्धिबळ त्याला शिकवलं आईने. चाँदबी, राहणार कुरवंडे. भात सडून झाला की ती ओट्यावर कोळशाने पट आखायची, मोहऱ्या करवंटीच्या तुकड्यांच्या. देशी खेळात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं, त्यामुळे तिची मांडणीही सबुरीची. मधलं मैदान समोरच्याला देऊन टाकायचं. दोन्ही बाजूंची प्यादी एकेक घर सरकवून त्यांच्या मागे दोन्ही उंट बसवायचे आणि लांबून तिरपा मारा धरायचा. समोरचा मध्ये गर्दी करतो, फुगतो, आणि मग त्याचं त्यालाच आवरत नाही. साहेबाशी साहेबाच्या नियमांनी खेळतानाही मेहबूबने आईचीच मांडणी लावली.

रविवारी सकाळी वाचनालयात बुद्धिबळ मंडळ भरायचं. अध्यक्ष शिदोरे वकील. हे गृहस्थ पान खाऊन खिडकीतून पिंक टाकायचे आणि निम्मी पिंक गजांवर पडायची. सोमवारी ते गज मी धुवायचो. पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. कोणी नवा सभासद आला, की वकील भिंतीवरची चौकट काढून त्या डावाची नुसती सुरुवात पटावर मांडत आणि कसं खेळू नये याचा पाठ देत. उंट असा आडबाजूला कोंबतात का? मध्य असा सोडतात का? सगळे माना डोलवायचे. आणि ज्याचा डाव, तो मेहबूब दारात उभा राहून हे ऐकायचा, कारण त्याला बस असं कोणी म्हणत नव्हतं. मीही नाही. या एका गोष्टीसाठी मला आजही स्वतःची किळस येते.

१९३८ साली वकिलांनी मुंबईहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात युरोपातले मोठमोठे खेळाडू. आणि ते करतात काय? मध्य सोडतात, प्यादं एक घर सरकवतात, उंट बाजूला बसवून लांबून मारा धरतात! वकील डोळे मिटून म्हणाले, "काय खोली आहे! याला म्हणतात विचार." सगळ्यांनी माना डोलावल्या. माना त्याच होत्या.

दारातून मेहबूब म्हणाला, "वकीलसाहेब, ह्यो तर आमच्या आईचा डाव हाय."

"तुझ्या आईचा डाव हरला, मेहबूब," वकील म्हणाले. "तो बघ, भिंतीवर टांगलाय." हशा झाला.

तेव्हा मेहबूब प्रथमच आत आला. पटावरच्या मोहऱ्या बाजूला सारून त्याने वीस वर्षांपूर्वीच्या त्या डावाचा शेवट मांडला. साहेबाचा राजा आणि एकुलतं एक प्यादं. याचा राजा, एक घोडा, दोन प्यादी. साहेबाचं प्यादं घोड्याच्या माऱ्यात. मारलं की संपलं. शेंबड्या पोरालाही जिंकता येईल असा डाव.

"मग मारलं का नाहीस?" वकिलांनी विचारलं.

"शेवटचं व्हतं. ते मारलं की राजा एकटा पडतो, बुर्जी व्हते. आमच्यात बुर्जी झाली की डाव बरोबरीत. त्याला कुनी जिंकनं म्हनत न्हाई. समोरच्याकडं एक तरी ऱ्हाऊ द्यायचं आन मग मात करायची. म्हटलं, प्यादं राजानं अडवीन. एक घर कमी पडलं. त्याचा वजीर झाला."

"अरे, साहेबाच्या खेळात बुर्जी नसते! तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

"साहेबानं पयल्यांदाच सांगितलं व्हतं." मेहबूबने ते प्यादं बोटाने घरात नीट बसवलं. "हात उठला न्हाई."

मग त्याने जे मागितलं ते ऐकून मला मान वर करवेना. "आईच्या डावात खोट नव्हती, चूक माझी, एवढं मंडळानं लिहून द्यावं. मी हरलो ह्ये वीस वर्षं तिला सांगितलं न्हाई. तिच्या डावानं हरलो, म्हनून कुठल्या तोंडानं सांगू? आता तिचे डोळे गेलेत. तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या मानसांनी लिहून दिलं, तर तिच्याफुडं जाऊन बसंन."

वकील इतके हसले की त्यांना पानाचा ठसका लागला. "म्हणजे बचाव बालिश नव्हता, टाळकं बालिश होतं! मंडळ नालबंदांना दाखले देत नाही, समजलं?" आणि तोंड पुसून त्यांनी लगेच ते पुस्तक पुढे ओढलं. उंट बाजूला का बसवावा, हे त्याच तोंडाने ते सगळ्यांना समजावून सांगू लागले. मला शिसारी आली. त्या खोलीची, त्या पुस्तकाची, त्या लाल गजांची, आणि ते गज निमूटपणे धुणाऱ्या माझीही. मेहबूबने मोहऱ्या एकेक करून डब्यात भरल्या आणि तो निघून गेला.

सोमवारी मी गज धुतले नाहीत. वाचनालयाच्या कागदावर लिहिलं, की सदर डावातील बचाव निर्दोष आहे. खाली सही केली, शिक्का मारला. मला तसा अधिकार नव्हता. चौकट भिंतीवरून काढून काखेत मारली आणि मेहबूबला घेऊन कुरवंड्याची वाट धरली. घराशी पोचल्यावर तो अंगणातच बसला. म्हणाला, "तुमीच सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाई."

चाँदबी आत चटईवर बसली होती. मी पट मांडला आणि कात्रणात बघून एकेक खेळी सांगत गेलो. ती बोटांनी चाचपून मोहऱ्या ओळखत होती. उंट बाजूला बसले तेव्हा तिने नुसती मान हलवली. साहेबाची मधली गर्दी फुटली तेव्हा हसली. शेवटी पटावर पाचसहा मोहऱ्या उरल्या आणि तिचं बोट साहेबाच्या त्या एकट्या प्याद्यावर येऊन थांबलं.

"ह्ये मारलं का त्यानं?"

"नाही, मावशी. घोड्याच्या माऱ्यात होतं, साहेबाच्या नियमात बसतही होतं. पण नाही मारलं. त्याचा वजीर झाला आणि मेहबूब हरला. डावात खोट नव्हती, मावशी. हा बघा, मी कागद..."

कागद धरलेला माझा हात तिने बाजूला सारला. तोंड दाराकडे वळवलं आणि मोठ्याने हाक मारली.

"मेहबूब! आत ये. हरलास म्हनून कुनी सांगितलं तुला?"