गेरूचा पट्टा

भिंत रंगवायची तर खालचे तीन फूट गेरूने लाल करून सोडायचे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तंबाखूची, गुटख्याची पिचकारी त्या लालात जिरून जाते. मी दुकानांच्या पाट्या रंगवत मोठा झालो, ब्रश धरायच्या आधी गेरू कालवायला शिकलो. तरीही आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या चित्राखाली मी तो पट्टा मारला नाही. अतिशहाणपणा नडला, दुसरं काय!

त्याआधी मी पूर्णेला कुणाला न विचारता भिंती रंगवायचो. एका पडक्या गोदामावर भाकर खात बसलेला हमाल काढला होता, चांगला भिंतीएवढा. मालकाने आयमाय उद्धारली आणि वरून चुना फासला. मला फारसं वाईट वाटलं नाही. भिंत त्याची, चुनाही त्याचाच.

मग एका संस्थेने मला हुडकून काढलं आणि शिबिराला बोलावलं. तिथे कळलं की मी करत होतो ती नुसती रस्त्यावरची चित्रं. खरी कला ती, जी लोकांना विचारून, लोकांच्या हातून होते. मला ते पटलं. आजही पटतं, हेच तर दुखणं आहे. शिबिरातले सर आणखी एक बोलले, चेहरा उंचावर टांगू नका, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडू द्या. मी मान डोलावली.

काम मिळालं ते आमच्या तालुक्याच्या गावात, आठवडी बाजाराच्या भिंतीचं. कुणाचं चित्र काढू, म्हणून विचारलं तर भाजीवाल्या बाया एका सुरात म्हणाल्या, झाडणाऱ्या मावशीचं. बाजार उठला की सगळ्यांची घाण उचलण्यात तिची हयात गेली होती. मावशी आधी लाजली, मग चिडली.

"माझं तोंड काय बघायसारखं हाय? लोकं हसतेन."

तरी चार दिवस झाडून झालं की ती खोक्यावर येऊन बसायची. मी चौकटी आखल्या, बायांनी रंग भरले. पदराला कोणता रंग द्यायचा यावरून त्यांची चांगलीच जुंपली. शेवटी मावशीच हळूच म्हणाली, हिरवा दे. नवरा गेल्यापासून तिने हिरवं अंगाला लावलं नव्हतं. चेहरा असा मांडला की डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आले आणि हनुवटी जमिनीला टेकली. गेरूला जागाच ठेवली नाही.

नारळ फुटला, फोटो निघाले. आठ दिवसांत पहिली पिचकारी हनुवटीवर पडली, मग ओठांवर. तिच्याशी कुणाचं वैर नव्हतं, आणि मला राग याचाच येतो. थुंकणारा एक जण मी धरला तर तो मलाच म्हणाला, "चित्र हाय की ते, माणूस थोडाच हाय?"

एका सकाळी गेलो तर मावशी बादली आणि चिंधी घेऊन स्वतःचं तोंड पुसत होती. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही कशाला?"

"मग कोण पुसंल? माझंच तोंड हाय ना."

ती रोज पुसायची. पुसून पुसून ओठांचा रंग उडाला. मी पुन्हा रंगवायला निघालो तेव्हा तिने माझा हात धरला.

"मला पुसून टाक बाबा. तिथं पोखर्णीचा देव काढ. त्याला समदे भितेत."

मी हट्टाला पेटलो. हे लोकांचं चित्र आहे, बायांनी रंगवलंय, असं बरंच बोललो. शिबिरातलं सगळं तिला ऐकवलं. तिने ऐकून घेतलं.

"चित्र तुमचं हाय रे बाबा. पर थुकी मला लागायलीय."

दोन दिवसांत मी माझ्या हाताने तिच्यावर पोखर्णीचा नृसिंह काढला. डोळे वटारलेला, आयाळ पिंजारलेला. थुंकणं त्याच दिवशी बंद झालं. पुढे कुणी ओटा बांधला, कुणी फरशी बसवली, कुणी उदबत्तीचं घर आणून ठेवलं. संस्थेने कळवलं की लोकांनी कला आपलीशी केली, अभिनंदन. ते पत्र मी फाडलं.

बरेच दिवस मी त्या बाजारात गेलो नाही. गेल्या महिन्यात जावं लागलं. मावशी झाडत झाडत भिंतीकडे आली आणि ओट्याच्या चार हात अलीकडेच थांबली. तेवढी जागा सोडून ती पुढे झाडायला लागली. मी विचारलं, "तिथला कचरा राहिला ना?"

"तिथं मी जायचं न्हाई म्हणलेत. देवाला इटाळ व्हतो."

हे तिने अगदी सहज सांगितलं. मग झाडू खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि लांबूनच त्या भिंतीला हात जोडले.