विरुद्ध बाजू

सोलापुरात कुठल्याही गल्लीत विडीच्या तंबाखूचा वास आला, की मला नववीतल्या एका मुलीची वही आठवते. ‘स्वतःचा एक गुण मुद्दे देऊन पटवा,’ असं मी वर्गाला सांगितलं होतं. तिनं लिहिलं, ‘माझ्यात चिकाटी आहे, म्हणून माझी शाळा थांबवू नये.’ मी पडलो मोठा विद्वान! शेरा मारला, ‘विरुद्ध बाजूही मांडा.’ तिनं मांडली : आईची नजर अधू झालीय आणि विड्या वळायलाही चिकाटीच लागते. मी खुशीत दहापैकी नऊ दिले, वर ‘वडिलांची सही आणणे’ असंही लिहिलं. सोमवारी वडीलच वही घेऊन तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. “सर, पोरीनं बराबर लिवलंय की. तुमाला बी पटलंय न्हवं?” मी अर्जावर सही केली. विरुद्ध बाजू मी अजूनही शिकवतो, परीक्षेला येते.