शेपटीखालचं अंतर

मोडनिंबला शेजारच्या रानात कुणी तणनाशक फवारलं की त्या उग्र वासानं मला सोलापूरच्या कॉलेजातली उंदरांची खोली आठवते. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तिथं पिंजरे धुवायला होते. सातवीतच शाळा सुटलेली, माहेर पार कोकणात, पोटात पहिलं बाळ. उंदरांवर प्रयोग करणाऱ्या कॉलेजातल्या बाईंनीच मला कामाला लावलेलं. बाई गाभण उंदरांना खाण्यातून तेच तणाचं औषध द्यायच्या. पिल्लं झाली की शेपटीखालचं, शी नि शूच्या जागांमधलं अंतर बघायचं, जास्त असेल तो नर, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तसं बघून मी औषधवाली बहुतेक पिल्लं माद्यांच्या पिंजऱ्यात टाकली. ती मोठी झाली, तर त्यांत बरेच नर निघाले. "गेली की वैनी तुमची नोकरी! नर कुटला नि मादी कुटली, येवढं बी कळंना व्हय?" शिपाईमामा हसले. मला रडूच फुटलं. बाई म्हणाल्या, "तुझं चुकलं नाही गं. आईच्या पोटातच औषधानं यांचं नरपण अर्धवट राहिलंय." मग त्यांची नजर माझ्या पोटावर गेली, आणि म्हणाल्या, "उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ऑफिसात पाणी भर." ही शाबासकी की शिक्षा, मला काही कळेना. बाळंत झाले तेव्हा बाई बघायला आल्या. सगळे आधी बाळाचं तोंड बघतात. त्यांनी आधी दुपटं उघडून बघितलं, "मुलगा आहे, सगळं नीट आहे" म्हणाल्या, आणि मग खाली बसून पाणी मागितलं. त्यांचे उपकार मी आजही मानते, पण एवढी धास्ती होती तर मला आधी का नाही सांगितलं, ते अजून उमगत नाही.