एकमेकांची प्रुफं

माझे काका एका साप्ताहिकाचे संपादक. त्यांचं साप्ताहिक एका पक्षाच्या बाजूचं, तर त्यांच्या मित्राचं बरोबर विरुद्ध पक्षाच्या. दोन्ही छापली जात एकाच छापखान्यात, आणि दोघांची पानं लावायला मी एकटीच. काका त्या मित्राला शंकासुर म्हणायचे, कारण ‘पटलं’ हा शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलाच नव्हता.

गुरुवारी दुपारी दोघे एका टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांची प्रुफं तपासत. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, म्हणून हा सव्वीस वर्षांचा रिवाज. मजकुराला हात लावायचा नाही, फक्त शुद्धलेखन बघायचं. पण समासात शंकासुर वाट्टेल ते खरडायचा. ‘हा आकडा कुठून आणलास?’ ‘हे आधी तुझ्या साहेबांना वाचून दाखव.’ काका तणतणायचे आणि मग गुपचूप आकडा बदलायचे. अंकात एकमेकांच्या पक्षाची सालटी काढणारे हे दोघे एक चहा अर्धा-अर्धा करून प्यायचे.

मग शंकासुराने काकांच्या लाडक्या नेत्यावर व्यंगचित्र छापलं. काकांचं डोकंच फिरलं. त्यांनी पहिल्या पानासाठी आवाहन लिहिलं: त्या साप्ताहिकाला जाहिराती देणाऱ्या दुकानांची पायरी चढू नका. खाली दुकानांची यादी. आणि गुरुवारी, सवयीने, तेच प्रुफ शंकासुरापुढे सरकवलं. असला वेडेपणा हे दोघेच करू जाणोत. त्याने दोन चुका सुधारल्या, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि समासात लिहिलं, ‘चष्मेवाला राहिला. त्याचीही जाहिरात असते.’ काका पोट धरून हसले आणि त्यांनी चष्मेवाल्याला यादीत घातलं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

ही गळचेपी आहे असं मी बोलले, तर काकांनी मलाच ऐकवलं, “दुकानदाराचा पैसा, दुकानदाराची मर्जी. यात कसली आलीय गळचेपी?” आवाहन छापून आलं, शंकासुराच्या जाहिराती आटल्या; त्याचं आठ पानांचं साप्ताहिक चारवर आलं आणि पाच महिन्यांत बंद पडलं. शंकासुर एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फॉर्म तपासायला लागला.

पुढच्या वर्षी वारं फिरलं. काकांचा एक लेख समोरच्या पक्षाला झोंबला आणि त्यांची माणसं काकांच्या जाहिरातदारांकडे दारोदार फिरली. एका महिन्यात निम्म्या जाहिराती गेल्या. काकांनी अग्रलेख लिहिला, ‘जाहिराती तोडणे म्हणजे आवाज दाबणे.’ काकू वाचून म्हणाली, “आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.” काका तिच्यावर खेकसले नाहीत, तेव्हाच मला कळलं की हे त्यांनाही टोचतंय.

गुरुवारी प्रुफ मी तपासून दिलं. त्यांनी तीनदा वाचलं. “चूक नाहीये एकही,” मी म्हटलं.

“चूक नाही गं,” ते म्हणाले, “पण याच्याशी कुणी भांडलेलं नाही.” त्यांना शंकासुर हवा होता. वर्षभर हवा होता आणि वर्षभर त्यांनी ते कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी मला सोबत घेऊन ते त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, खुर्च्या पुढे केल्या, पाणी दिलं. काकांनी प्रुफ हातात ठेवलं. तो वाचत होता आणि काका त्याच्या पेनाकडे बघत होते. एकच प्रश्न त्यांना ऐकायचा होता: ‘मग गेल्या वर्षी काय झालं होतं?’ त्यावर द्यायचं उत्तर, म्हणजे माफीच, ते वाटेत पुटपुटत आले होते.

शंकासुराने एक स्वल्पविराम काढला आणि कागद परत दिला. “छान लिहिलंयस. सगळं पटलं.”

“सगळं?”

“अक्षरन् अक्षर. मी हेच लिहिलं होतं. छापायला अंक उरला नाही, एवढंच.”

“गुरुवारी टेबलावर येत जा ना,” काका म्हणाले.

“गुरुवारी फॉर्मची गर्दी असते रे,” तो म्हणाला, आणि जिन्यातला दिवा लावायला आमच्याआधी बाहेर गेला.